एकदाच आढळलेली ओळ

अनुवाद विभागाचा तक्ता फुगला आहे, याबाबत दुमत नव्हते. अर्ज लोकांच्या भाषेत येत, निर्णय मुख्यालयाच्या भाषेत होत आणि मध्ये एक यंत्र बसवलेले होते. यंत्राला दोन्हींपैकी एकही भाषा येत नव्हती. त्याच्यापाशी फक्त तक्ता होता: डावीकडे लोकांचे शब्द, उजवीकडे मुख्यालयाचे आणि शेवटी ही जोडी जुन्या फायलींत किती वेळा आढळली तो आकडा. ज्याचा आकडा मोठा, ते खरे. अशा चार कोटी ओळी झाल्या होत्या. सकाळी दहाला यंत्र सुरू केले की तक्ता उघडायला साडेअकरा वाजत, आणि साडेअकराला चहाची सुट्टी असे.

तक्ता सांभाळणाऱ्या बाईंना सगळे तक्तेबाई म्हणत. एकोणीस वर्षांच्या नोकरीत कुठली ओळ कुठे आहे हे त्यांना घरातल्या डब्यांइतके पाठ झाले होते. त्यामुळे तक्ता एक दशांशावर आणण्याचा आदेश आला, तेव्हा हे लोढणे त्यांच्याच गळ्यात पडले.

"जी जोडी एकदाच आढळली, ती आधी काढा," साहेब म्हणाले. "एकदा काय, माणूस काहीही बोलून जातो."

"साहेब, निम्म्या ओळी जातील."

"मग निम्मं काम झालंच की!"

दोन कोटी ओळी गेल्या. यंत्राला गुण देणाऱ्या कारकुनाने, ज्याला विभागात गुणमोजे म्हणत, पाचशे पत्रांवर चाचणी घेतली. गुण एकाहत्तर पूर्णांक चारवरून एकाहत्तर पूर्णांक तीनवर आले होते. त्याने शेरा मारला, 'घट नगण्य'.

"ही पाचशे पत्रं कुणाची रे?" तक्तेबाईंनी विचारले.

"आपलीच. विभागानं विभागाला लिहिलेली. लोकांची पत्रं फार वेगवेगळी असतात हो, गुण पडतात."

दुसरा नियम आला: एका प्रकारच्या मागणीला एकच अनुवाद ठेवावा, सर्वांत वजनदार. खोली बदलून मागणाऱ्यांपैकी नऊशे बारा जणांनी वारा येतो म्हणून वरचा मजला मागितला होता, खालचा अकरा जणांनी. अकरा गेले. गुण जागचे हलले नाहीत.

याच आठवड्यात तक्तेबाईंच्या वडिलांचा अर्ज आला. बाबा निवृत्त घड्याळजी. निवृत्तांच्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर एकटेच राहत. जिन्याला बहात्तर पायऱ्या, लिफ्ट दुरुस्तीच्या प्रतीक्षेत आणि दोन्ही गुडघ्यांनी राम म्हटलेला. 'गुडघे चालत नाहीत, खालच्या मजल्यावर खोली मिळावी,' एवढेच त्यांनी लिहिले होते. अर्जांत गुडघे पूर्वी एकदाच आले होते, म्हणजे आता ते तक्त्यात नव्हते. यंत्राने ते गाळले. उरलेल्या मागणीला जो एकमेव अनुवाद होता, तो जोडला.

मुख्यालयाने कधी नव्हे ती तत्परता दाखवली. चौथ्याच दिवशी बाबांचे कपाट सहाव्या मजल्यावर चढवण्यात आले.

"अगं, मी खाली मागतोय आणि ही माणसं मला वर धाडताहेत," बाबा म्हणाले. "एवढी घाई असेल तर तसं स्पष्ट सांगा म्हणावं."

तक्तेबाई साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "खालच्या मजल्याची ओळ परत घेऊ द्या. एकच ओळ आहे, साहेब."

"आज तुम्ही बापासाठी ओळ मागाल, उद्या दुसरा सासूसाठी मागेल."

"मागू दे की. तक्ता त्यासाठीच आहे ना?"

साहेबांनी चष्मा पुसला. "बाई, नियमात बसवून देतो. अर्जदाराने ओळीसाठी रीतसर अर्ज करावा."

अर्जदाराने केला. तो यंत्रातून गेला. बाबांना नववा मजला मिळाला. त्याच्यावर फक्त पाण्याची टाकी होती.

तक्ता कायम करण्यापूर्वी जनतेच्या हरकती मागवणे बंधनकारक होते. फलकावर तीस दिवसांची सूचना लागली. तक्तेबाई धापा टाकत नवव्या मजल्यावर पोहोचल्या, तेव्हा बाबा डोळ्याला भिंग लावून शेजाऱ्याचे घड्याळ उघडून बसले होते. चाळीस दिवसांत त्यांचा पाय जमिनीला लागला नव्हता. दूध दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर येई.

"बाबा, हरकत लिहून द्या."

बाबांनी बारीक, रेखीव अक्षरात तीन शब्द लिहिले: माझी हरकत आहे. "एवढं तरी वाचेल ना गं तुझं यंत्र?"

तक्तेबाईंनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. विभागाने आजवर एक्याऐंशी हजार ना हरकत दाखले दिले होते. 'हरकत नाही' ही जोडी एक्याऐंशी हजार वेळा आढळली होती. 'हरकत आहे' एकदा. ती ओळ पहिल्याच फेरीत त्यांनी स्वतःच्या हाताने काढली होती.

म्हणून त्यांनी कागद यंत्रात न घालता थेट साहेबांच्या टेबलावर ठेवला. "तुम्हीच वाचा, साहेब. तुमच्या घरी हीच भाषा बोलतात."

साहेबांनी वाचले. दोनदा वाचले. "अक्षर सुरेख आहे हो वडिलांचं," ते म्हणाले, आणि कागद यंत्रात घालायला गुणमोजेकडे सरकवला. "पण घरी मी कोणीही असलो तरी इथे मला फक्त अनुवाद कळतो."

मुदत संपली तेव्हा दोनशे चौदा हरकती आल्या होत्या. दोनशे चौदाही जणांची हरकत नव्हती. अहवालात जनतेचा प्रतिसाद उत्साहवर्धक ठरला आणि नवव्या मजल्यावरच्या एका ज्येष्ठ नागरिकाच्या पाठिंब्याचा गौरवाने उल्लेख झाला. तक्ता आता चहाआधीच उघडतो.

शहरातल्या उरलेल्या अकरा लाख लोकांनी काहीच पाठवले नव्हते. ते कोणत्या रकान्यात घ्यायचे, असे तक्तेबाईंनी विचारले.

"संमतीच्या," गुणमोजे म्हणाला. "गप्प बसण्याला तक्ता लागत नाही, बाई. ते दोन्ही भाषांत एकच वाचलं जातं."

बाबांच्या खोलीखाली आठ मजले आहेत. आठही मजल्यांवर माणसे राहतात. त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत, सूचनेचा फलक त्यांच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर होता, आणि त्यांनीही, आपल्यासारखेच, काही पाठवले नव्हते.