लोण्याचे गव्हर्नर

काचेच्या खोलीत अर्डिस हॉगन दोन स्वेटर, नवऱ्याचा जुना कोट आणि लोकरी टोपी घालून लोण्याचं नाक कोरत बसली होती. ऑगस्टचा महिना, बाहेर राज्याचा मेळा भरलेला, माणसं घामाने निथळत काडीला खोचलेली मक्याची कणसं खात हिंडत होती. आत मात्र फ्रिजसारखा गारठा. मधला लाकडी चौथरा अगदी सावकाश गोल फिरे, आणि त्यावर सहाशे पौंड लोणी आणि अर्डिस, दोघंही फिरत. काच दुहेरी होती, वर पंख्याची घरघर, त्यामुळे बाहेरचं एक अक्षर आत येत नसे. चेहरे समोर येत, ओठ हलवत आणि तरंगत बाजूला सरत. एकवीस वर्षं झाली, अर्डिसला या बारा दिवसांत जागेपणी झोपल्यासारखं वाटायचं, आणि ते तिला मनापासून आवडायचं.

यंदा तर ती खोली म्हणजे तिला स्वर्गच वाटत होता, कारण यंदा डेल्मर घरी होता.

डेल्मर तिचा नवरा. चौतीस वर्षं तो सरकारी तराफा चालवत होता. नदीच्या या काठावरून त्या काठावर सहा मोटारी न्यायच्या, तिकडून सहा आणायच्या, दिवसातून चाळीस खेपा. पण यंदा नवे निवडून आलेले गव्हर्नर व्हिटलो आणि विधिमंडळ यांचं बजेटवरून असं काही वाजलं, की एक जुलै, म्हणजे तिथल्या सरकारी वर्षाचा पहिला दिवस, उजाडला तरी बजेट नाही. मग राज्याचा कारभारच बंद. बागांना कुलपं, गाडी चालवण्याच्या परीक्षा बंद, तराफा बंद. मेळा तेवढा वर्गणीवर चाले, म्हणून वाचला. ‘पुढील आदेशापर्यंत राज्याच्या कोणत्याही कामास किंवा मालमत्तेस हात लावू नये’ असं पत्र डेल्मरला आलं. त्याने ते घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि तो घरी बसला.

घरी बसला म्हणजे काय, स्वयंपाकघरातून ओसरीवर आणि ओसरीवरून स्वयंपाकघरात अशा खेपा घालू लागला.

“अगं, जड भांडी सगळी डाव्या फळीवर? तोल जातो अशाने.”

“डेल्मर, हे घर आहे. ते बुडत नाही.”

“चौतीस वर्षांत माझा तराफाही बुडला नाही. का? तर मी जड गाडी मधे घ्यायचो.”

आठ दिवसांत अर्डिसला आपलं मीठ सापडेना. पण खरी काळजी वेगळीच होती. जुलैच्या शेवटी डेल्मर आपणहून बोलायचाच थांबला. एकदा ती त्याला शोधत नदीवर गेली, तर हा काठावर उभा. पाण्यावर धुकं, पलीकडचा काठ दिसत नव्हता, आणि ज्या तारेला धरून तराफा नदी ओलांडायचा, त्या तारेकडे डेल्मर नुसता बघत होता. तारेला हात लावायलाही बंदी. त्याने हात खिशात कोंबून ठेवले होते. भांडी कुठेही लावू दे, पण याचा तराफा सुरू होऊ दे, असं ती तेव्हापासून रोज म्हणू लागली.

आणि नशीब बघा, याच गव्हर्नराचा पुतळा तिला करायचा होता. नव्या गव्हर्नराच्या पहिल्या वर्षी दूधवाल्यांच्या संघाने त्याला वासरासकट लोण्यात घडवायचं, ही तिथली जुनी चाल. ठरलं होतं जानेवारीत, तेव्हा माणूस सगळ्यांना हवाहवासा होता. ऑगस्टपर्यंत तो सगळ्यांच्या डोक्यात गेला होता, पण लोणी तर येऊन पडलं होतं.

पहिले दोन दिवस अर्डिस अगदी सुखात होती. इतकी गर्दी तिने कधी पाहिली नव्हती. लोक रांगेने काचेपाशी येत, लोण्याच्या गव्हर्नराकडे बोट दाखवत आणि भरभरून बोलत. एक आजीबाई तर डोळ्यांत पाणी आणून बोलत होत्या. अर्डिसने लाजून त्यांना ‘छान’ अशा अर्थी अंगठा वर करून दाखवला. पुढच्या शेतकऱ्याला मान डोलावून दाद दिली. त्याच्या मागच्या बाईकडे बघून छातीवर हात ठेवला.

तिसऱ्या दिवशी डबा द्यायला डेल्मर आला. दाराची कडी आतून निघत नसे. ज्या सरकारी हॉलमध्ये ही खोली होती, त्याचा मिस्त्री दरवर्षी कडीला तेल देई, पण यंदा मिस्त्रीही घरी बसलेला. मग आतून तीनदा टकटक करायची आणि गर्दीतल्या कुणीतरी कडी ओढायची, अशी सोय चालू होती.

“काय रे, लोकांना आवडलाय ना पुतळा?” अर्डिसने बाहेर येत विचारलं.

डेल्मरने डबा तिच्या हातात दिला. “लोक शिव्या देतायत.”

“मला?”

“गव्हर्नराला. तू मधेच अंगठा दाखवतेस, म्हणून आता तुलाही थोड्या देतात.”

त्या मुलखात माणसाला तोंडावर वाईट बोलायची पद्धत नाही. शेजाऱ्याची गाय अर्धं शेत चरून गेली तरी ‘तुमच्या गायीला आमचा मका मानवला वाटतं’ एवढंच म्हणायचं आणि वर कॉफी द्यायची. सत्तावन्न दिवस लोकांनी हा राग गिळला होता. आता समोर गव्हर्नर होता, आणि तो लोण्याचा होता. त्याला वाईट वाटण्याचा प्रश्न नव्हता. मग लोक सुटलेच!

“अरे देवा, त्या रडणाऱ्या आजी?”

“त्यांच्या नातीचं लग्न सरकारी बागेतल्या तळ्याकाठी होतं. बाग बंद. त्यांनी सगळं सांगितलं आणि तू अंगठा दाखवलास.”

अर्डिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता भरपाई कशी करायची? आत परतल्यावर तिने पुष्कळ विचार केला आणि गव्हर्नराचे कान थोडे मोठे केले. ऐकतोय, असं लोकांना वाटावं म्हणून. लोक खूश झाले. दुसऱ्या दिवशी रांग दुप्पट. मग अर्डिसने कान आणखी वाढवले. पण लोणी आणायचं कुठून? नवीन लोण्यावर सरकारी तपासनिसाचा शिक्का लागतो, आणि तपासनीस कुठे? घरी! तेव्हा तिने गव्हर्नराच्या पोटातून थोडं काढलं, आणि पोट संपल्यावर वासराकडे वळली.

दूधसंघाचे अध्यक्ष लोवेल ब्रेके धापा टाकत आले. “अर्डिसबाई, अहो काय चाललंय काय! ते वासरू माझ्या ‘क्लोव्हर’ कालवडीवरून घेतलंय! बरगड्या दिसायला लागल्या तिच्या!”

“लोकांना कान हवे आहेत, लोवेल.”

“गव्हर्नर आज आहे, उद्या नाही. वासरू संघाचं आहे! आणि ऐका, शनिवारी स्वतः गव्हर्नर येतायत फोटोला. तोवर हे कान जागेवर आले पाहिजेत.”

एव्हाना अर्डिसला एक विद्या आली होती. दिवसभर ओठच बघितल्यामुळे लोक काय म्हणतात ते तिला कळू लागलं होतं. अर्थात चौथरा फिरता, त्यामुळे एखाद्याची अर्धी तक्रार या फेरीत कळायची आणि उरलेली पुढच्या फेरीत. मधल्या वेळात ती दुसऱ्या कुणाची तरी अर्धी घेऊन फिरत असे. लोकांचं सगळं दुःख हळूहळू तिच्याभोवती तरंगत होतं, आणि ती मुकाट्याने कान कोरत होती.

शनिवारी गव्हर्नर व्हिटलो ठरल्या वेळेआधी तासभर आले. उजवा कान उतरवून झाला होता, डावा तसाच होता. आता ज्यांनी आठवडाभर लोण्याला फाडून खाल्लं, ते या खऱ्या माणसाला काय करतील, असं कुणालाही वाटेल. काय केलं? टोप्या काढल्या.

“नमस्कार गव्हर्नरसाहेब. उकडतंय नाही?”

“लिंबू सरबत घ्या ना साहेब. नाही नाही, घ्याच.”

लग्नवाल्या आजींनी तर घरच्या बिस्किटांचा डबा पुढे केला. गव्हर्नर गहिवरले. सेक्रेटरीला म्हणाले, “बघितलंस? आणि तू म्हणतोस लोक चिडलेत. आणखी दोन महिने ताणलं तरी हे माझ्या पाठीशी आहेत.”

मग फोटोसाठी ते काचेच्या खोलीत शिरले. त्यांच्या अंगरक्षकाने मोठ्या शिस्तीने धाडकन दार लावलं. फोटो झाला. अर्डिसने तीनदा टकटक केली. अंगरक्षकाने कडी ओढली, आणि ती त्याच्या हातात आली.

“काळजी नको,” गव्हर्नर म्हणाले. “मिस्त्रीला बोलवा.”

“मिस्त्री घरी आहे, साहेब,” अर्डिस म्हणाली. “एक जुलैपासून.”

बाहेर अंगरक्षकाने काच फोडायला खुर्ची उचलली, तर लोवेल ब्रेके हात पसरून आडवे. त्यांचं म्हणणं अर्डिसला लख्ख दिसलं. आधीच बरगड्या निघाल्यात, आता गरम वारा लागला तर क्लोव्हर जागच्या जागी वितळून जाईल!

दहा मिनिटं झाली. गव्हर्नरांच्या अंगात पातळ सुती कोट. अर्डिसने त्यांना आपली टोपी दिली आणि वर एक स्वेटर काढून दिला. दोघं चौथऱ्यावर बसून सावकाश फिरू लागली. बाहेर गर्दी जमली. काचेतून आत काही ऐकू जात नाही, हे आता सगळ्या मेळ्याला ठाऊक होतं. एकाने सवयीने तोंड उघडलं. दुसऱ्याने उघडलं. मग काय विचारता! बिस्किटवाल्या आजी सर्वांत पुढे.

गव्हर्नर हसून हात हलवू लागले. “किती जीव लावतात हो ही माणसं!” त्यांनी आजींना अंगठाही दाखवला.

अर्डिसला ते बघवेना. हाच अंगठा तिने दाखवला होता. तोंडावर वाईट बोलणं तिच्याही रक्तात नव्हतं, पण डोळ्यांपुढे तो खिशात हात कोंबून उभा असलेला माणूस आला.

“साहेब,” ती म्हणाली, “राग मानू नका. त्या आजी म्हणतायत, माझ्या नातीचं लग्न मोटारी लावायच्या जागेत झालं. बिस्किटांत मीठ घालणार होते, पण हात धजला नाही.”

गव्हर्नरांचा अंगठा तसाच राहिला.

“ते पिवळ्या शर्टातले?” त्यांनी विचारलं.

“त्यांच्या मुलाची गाडीची परीक्षा राहिलीय. म्हणून ऐंशी वर्षांच्या आजोबांना... पुढचं वळणापलीकडे गेलं. थांबा, येतील परत.”

फेरी पुरी झाली. “...आजोबांना ट्रॅक्टरवरून दवाखान्यात जावं लागतं. आणि तुम्हाला एक शब्द वापरतायत, तो मी सांगणार नाही.”

शेजारी लोण्याचे गव्हर्नर एका मोठ्या कानाने सगळं ऐकत होते. एवढ्यात गर्दीतून डेल्मर पुढे आला, हातात घरची अवजारांची पेटी. दाराशी वाकून त्याने बिजागरी पाहिली, पाच मिनिटांचं काम आहे अशी खूण केली, आणि मग पेटी खाली ठेवून हात मागे बांधून उभा राहिला.

“हा माणूस दार का उघडत नाही?” गव्हर्नरांचे दात वाजत होते.

डेल्मरने खिशातून पत्र काढून काचेला लावलं.

“तो माझा नवरा आहे,” अर्डिस म्हणाली. “तो म्हणतोय, हॉल राज्याचा, दार राज्याचं. राज्याच्या मालमत्तेला हात लावायचा नाही असं लिहून आलंय. सही तुमची आहे.”

“अहो, मी सांगतोय ना, उघड म्हणावं!”

अर्डिसने डेल्मरला उघडायची खूण केली. “तोंडी नको म्हणतो. लेखी हवं. चौतीस वर्षं नियमाने काम केलंय त्याने.”

कागद कुठला? अर्डिसने वासराच्या मागच्या बाजूची एक जाड पाटी कापली आणि कोरायची सुई गव्हर्नरांच्या हातात दिली. ज्या माणसाने एकसष्ट दिवस बजेटवर सही केली नव्हती, त्याने लोण्यावर ‘उघडा’ असं लिहून सही ठोकली. पाटी काचेला धरली. डेल्मरने चष्मा लावला, वाचलं, आणि बोटाने खूण केली.

“तारीख राहिली म्हणतो,” अर्डिस म्हणाली.

तारीख घालताना गव्हर्नरांनी विचारलं, “आणखी काय बोलतोय तो?”

डेल्मर खरंच बोलत होता, महिन्याभरात पहिल्यांदा आपणहून. त्याला वाटत होतं, आत फक्त खुणाच कळतात. अर्डिसने वाचलं आणि शब्द न गाळता सांगितलं. “म्हणतो, मला तराफा द्या. मी घरात नुसता मधे मधे येतो. माझी बायको मला चुकवायला बर्फात जाऊन बसलीय आणि तिला सांधेदुखी आहे.”

गव्हर्नरांनी डोक्यावरची लोकरी टोपी काढून हातात घेतली.

तीन दिवसांनी तडजोड झाली. दीर्घ एकान्तचिंतनानंतर गव्हर्नरांनी दोन पावलं मागे घेतली, असं वर्तमानपत्रांत छापून आलं. एकान्तात शेजारी कोण बसलं होतं ते कुणी लिहिलं नाही.

मेळा उठला, कारभार सुरू झाला, आणि डेल्मर पहाटेच तराफ्यावर गेला. अर्डिसने मनासारखी भांडी लावली. सगळी जड भांडी डावीकडे. मीठ पहिल्या झटक्यात सापडलं. मग ती ओसरीवर आली, परत आत गेली, पुन्हा ओसरीवर आली. घर फारच शांत होतं. अकरा वाजता तिने बटाट्याचा भाजलेला पदार्थ डब्यात भरला आणि नदीवर गेली.

सहा मोटारी लागल्या होत्या, जड गाडी मधोमध. तराफा धुक्यात शिरला आणि दोन्ही काठ दिसेनासे झाले. यंत्राची धडधड इतकी, की शेजारचं बोलणंही ऐकू येईना. डेल्मरने एक घास घेतला आणि तिच्याकडे बघून काहीतरी बोलला. भरभरून, हातवारे करत.

अर्डिसला ओठ वाचता येत होते. म्हणूनच तिने चटकन नदीकडे तोंड फिरवलं आणि त्याला अंगठा दाखवला.