वेगळी चूल, खिडकी क्रमांक सात

आईवरचे प्रेम मोजता येत नाही, म्हणून सरकारी फॉर्मात त्याला रकाना नसतो. मालमत्तेला मात्र असतो. हा भेद जपानातल्या फुनाबोरीत राहणाऱ्या, संगणकाच्या नोकरीत मुरलेल्या नरेंद्रला २००७ साली उमगला आणि तो कामाला लागला.

आई सुप्रभाबाई, वय पंच्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. आंघोळ घालायला बाई आणि आठवड्यातून तीन दिवस वृद्धांचे केंद्र ही सोय सरकार करत होते. पण कुटुंब सुखवस्तू असेल तर खर्चाचा मोठा वाटा घरच्यांनी उचलायचा. नरेंद्रला तो परवडत होता, हीच मुख्य अडचण होती.

आधी पुण्यातला आईचा फ्लॅट बक्षीसपत्राने त्याच्या नावावर झाला. (बक्षीस कशाबद्दल, हे कागदात लिहावे लागत नाही.) मग पाटल्या त्याच्या बायकोच्या, अश्लेषाच्या हातात गेल्या. (तिला त्या सैल होत होत्या, तेवढा त्रास तिने सोसला.) चार महिन्यांत सुप्रभाबाई रीतसर निर्धन झाल्या. ओळखीच्या अकरा मराठी कुटुंबांपैकी नऊ जणांना हा प्रकार अनैतिक वाटला. त्यातल्या सहा जणांनी सवलतीचा फॉर्म कुठल्या खिडकीवर मिळतो, तेही विचारून घेतले. (सात नंबरच्या.)

आता पत्ता एकच असला तरी आईचे कुटुंब निराळे आहे, एवढे दाखवायचे राहिले. फॉर्मातल्या 'स्वतंत्र निर्वाह' या जपानी शब्दांचा अर्थ नरेंद्रने अस्सल मराठी मनाने लावला: वेगळी चूल. त्याने विजेची एक शेगडी आणून आईच्या खोलीत मांडली. फ्रिजचा खालचा कप्पा आईचा झाला. कचऱ्याचेही तीन भाग झाले: जपानी नियमाप्रमाणे जळणारा, न जळणारा आणि सासूबाईंचा. यात फसवणूक कुठेच नव्हती. सुप्रभाबाई खरोखरच एकट्या जेवू लागल्या. फॉर्म खरा ठरावा म्हणून इतके झटणारा मुलगा शोधून सापडायचा नाही.

(आईला जपानात ठेवून घेण्याच्या अर्जात त्याने 'तिला माझ्याशिवाय कोणी नाही' असे लिहून दिले होते. पण ती कचेरी दुसरी.)

यथावकाश सवलतीच्या कचेरीतून चौकशीला मोरिता-सान आल्या. दारात बूट काढून त्या सुप्रभाबाईंच्या समोर बसल्या. सुप्रभाबाईंना जपानी येत नसल्यामुळे दुभाषा नरेंद्रच.

"स्वयंपाक स्वतः करता?"

"करते की. वाटीभर भात. काल नुपूर मागत होती, पण म्हटलं, नात असलीस तरी तुझं कुटुंब वेगळं."

नरेंद्रने फक्त भाताचे भाषांतर केले.

"तुमच्या मालकीचं काही?"

"ही शेगडी."

"जवळचं माणूस कोणी आहे?"

नरेंद्रने हेही मराठीत विचारले. सुप्रभाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"तू काय लिहिलंयस?" त्या म्हणाल्या. "तेच सांग."

नरेंद्रला फॉर्म पाठ होता. "कोणी नाही," तो जपानीत म्हणाला. मोरिता-साननी सुप्रभाबाईंचा हात हातात घेतला.

सवलत मंजूर झाली. शिवाय एकट्या वृद्धांच्या यादीत नाव लागल्यामुळे दर गुरुवारी एक स्वयंसेविका येते आणि विचारते, जेवलात का? तेवढे जपानी सुप्रभाबाई आता शिकल्या आहेत. घरात दुसरे कोणी ते विचारत नाही. कुटुंब वेगळे असल्याने तसा नियमही नाही.

नरेंद्रचा ज्यांना संताप आला, त्या वाचकांचे आभार. आणि वाचता वाचता आपल्या आईचा फ्लॅट कोणाच्या नावावर आहे, हे आठवायला जे क्षणभर थांबले, त्यांच्यासाठी पुन्हा एकदा: खिडकी क्रमांक सात.