भीमरावमामांचा तिकडचा रूल

भीमरावमामांच्या गाडीत बसायचं तर आधी खांबाला मिठी मारावी लागे. जुन्या अँबॅसिडरच्या पुढच्या सीटच्या बरोबर मधोमध, तळापासून टपापर्यंत, त्यांनी एक लोखंडी नळ उभा केला होता आणि त्याला हिरवा रंग दिला होता. मी बँकेच्या बदलीवर कोल्हापूरहून तंजावूरला आलो आणि त्यांच्या माडीवर भाड्याने राहू लागलो. पहिल्याच दिवशी ते मला बँकेत सोडायला निघाले, तेव्हा माझं कपाळ त्या नळावर सणकून आपटलं.

"पाहून बसा," मामा शांतपणे म्हणाले, "तो सेफ्टीसाठी आहे."

मग त्यांनी मला पट्ट्याने बांधलं. खाटेला विणतात त्या नवारीचा पट्टा होता. एस.टी.तल्या पार्सलालासुद्धा कोणी इतकं करकचून बांधत नाही. त्या काळी नव्या गाड्या नुकत्या रस्त्यावर दिसू लागल्या होत्या, पण पट्टा म्हणजे विमानात लावायची वस्तू असाच आमचा समज होता. मी कारण विचारलं. मामांनी एक बोट वर केलं आणि म्हणाले, "तिकडे रूल आहे."

तिकडे म्हणजे जर्मनीत. मामांचा एकुलता एक मुलगा रघू तिथे इंजिनिअर होता. मामा स्वतः कालव्यांच्या खात्यातून निवृत्त झालेले. कोणत्या गावाला कावेरीचं पाणी कधी सोडायचं याचे नियम त्यांनी आयुष्यभर सांभाळले आणि ते मोडू पाहणाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. त्यामुळे जिथे माणसं रिकाम्या चौकातही लाल दिवा पाहून थांबतात, त्या देशाबद्दल त्यांना घरच्या देवाइतका आदर होता.

राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांत मराठी बोलणारी घरं अजून आहेत. मामांची मराठी माझ्या पणजोबांना सहज कळली असती, फक्त तिचा तमिळ हेल त्यांना चकवून गेला असता. ती ऐकायला मला फार आवडायचं, म्हणून मी कपाळाची पर्वा न करता रोज गाडीत बसत असे. चौकात ते गाडी थांबवत आणि हॉर्न वाजवणाऱ्या बसकडे बघून म्हणत, "ह्यांस जर्मनीत कोण लायसन देईल?" बसवाला ओरडून काहीतरी सांगे. ते मामा मला मराठीत समजावून सांगत नसत.

खांबाची हकिकत मला मामींनी सांगितली. रघूने आपल्या गाडीत बसून काढलेला एक फोटो पाठवला होता. त्याच्या डाव्या खांद्यावरून पट्टा खाली आला होता. मामांनी ठरवलं की पट्टा असा, डाव्या खांद्यावरूनच यायला हवा. पण जर्मनीत ड्रायव्हर डाव्या हाताला बसतो, त्याच्या डाव्या खांद्यापाशी गाडीची भिंत असते. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे. मामांच्या डाव्या खांद्यापाशी होती फक्त मोकळी हवा. दुसरा कोणी असता तर त्याने पट्टा उजवीकडून घेतला असता. मामांनी गाडीत खांब उभा केला.

"फोटो आरशासमोर धरा की मामा," मी एकदा म्हटलं, "म्हणजे इकडची गाडी दिसेल."

त्यांनी तसं करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "सेरी," ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे, आणि दुसऱ्या दिवशी पट्टा उजवीकडे गेला. खांब मात्र राहिला. मामी त्याला कॉफीचा थर्मास अडकवू लागल्या आणि मार्गळी या तमिळ महिन्यात फुलांची माळही घालू लागल्या. गल्लीतले लोक त्याला ध्वजस्तंभ म्हणत.

पण खरा कारखाना मागच्या सीटवर चालू होता. तिथे मामांनी वेताची एक छोटी खुर्ची घट्ट बसवली होती, तिला नवारीचे पट्टे होते, आणि त्या पट्ट्यांत एक बाहुली बांधलेली असे. तंजावूरची ती प्रसिद्ध डुलणारी बाहुली तुम्ही पाहिली असेल. तिची मान आणि कंबर नुसती टेकवलेली असते, फुंकर घातली तरी ती डुलते. तिकडे गाड्या भिंतीवर आपटून बघतात आणि आत माणसाऐवजी बाहुली बसवतात, असं रघूने फोनवर सांगितलं होतं. बाहुल्यांच्या गावातल्या माणसाला एवढं पुरे होतं.

दर रविवारी मामा मला कालव्याच्या रस्त्यावर नेत. दोन्ही बाजूंना भातखाचरं, समोर सायकलीवरून जाणारा एखादा माणूस. तो पुढे गेला की मामा जोरात ब्रेक मारत. मी मागे वळून बाहुलीकडे बघायचं आणि अहवाल द्यायचा.

"डुलते का?"

"डुलते मामा."

"बहुत डुलते?"

आता ती बाहुली शेजारून म्हैस गेली तरी डुलायची, तिला मी काय करणार? पण मामा घरी येऊन पट्टे उसवत, पुन्हा शिवत, खुर्चीला कापूस भरत. त्यांना बाहुलीची मान जराही हलायला नको होती.

"अहो, ती डुलायलाच केलेली आहे," मामी स्वयंपाकघरातून म्हणत. "न डुलणारी होणे असेल तर देवळातला नंदी बांधा मागे."

मला हे सगळं विक्षिप्तपणाचं वाटे, आणि ते होतंच. मग एका संध्याकाळी मामींनी कॉफी देता देता सांगितलं. रघूला मुलगी होती, तुळजा. चार वर्षांची झाली होती आणि मामांनी तिला फक्त फोटोत पाहिलं होतं. मामा दर वर्षी फोनवर विचारत, "नवरात्राला येता ना?" दर वर्षी सून सांगे की तिकडे लहान मुलाला खास खुर्चीत बांधल्याशिवाय गाडीत नेता येत नाही, तसा कायदाच आहे, तुमच्या गाड्यांत मागे पट्टेसुद्धा नाहीत, मुलीला घेऊन यायची भीती वाटते.

"दुसरा माणूस ऐकून रडला असता," मामी म्हणाल्या. "हे बाजारात जाऊन नवार घेऊन आले."

त्यानंतर रविवारी मी खोटं बोलू लागलो. "कमी डुलली मामा," मी म्हणे, "मागच्यापेक्षा पुष्कळच कमी." मामांचा चेहरा उजळे.

आणि त्या वर्षी फोन आला की येतो. मद्रासहून रात्रीच्या गाडीने सकाळी तंजावूर स्टेशनवर. मामांनी रघूला खुर्चीचं वर्णन एवढ्या मोठ्याने ऐकवलं की शेजारची मंडळी गोळा झाली. स्टेशन ते घर हे अंतर आमच्या बँकेतला शिपाईही चालत जाई. तेवढ्या अंतरासाठी गाडी धुतली, पट्टे साबणाने धुऊन वाळवले. बाहुलीला शेवटच्या क्षणापर्यंत खुर्चीतच ठेवलं होतं, खुर्चीची सवय मोडू नये म्हणून असेल.

सकाळी मामा इस्त्रीची वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, आणि शर्ट घालून गाडीपाशी उभे होते, मीही निघालो होतो, तेवढ्यात गल्लीत एक टॅक्सी शिरली. पुढच्या सीटवर सूनबाई, तिच्या मांडीवर उभी राहून काचेबाहेर हात काढणारी एक मुलगी. रात्रभर ती अशी मांडीवरच आली होती, मद्रासपासून.

"ट्रेनमध्ये बर्थ मिळाले नाहीत अप्पा," रघू उतरत म्हणाला. "टॅक्सीच केली. बरी आली पटकन."

मामांनी टॅक्सीत वाकून पाहिलं. पुढे पाहिलं, मागे पाहिलं. "पट्टा?" त्यांनी हळूच विचारलं.

"इथे कोण लावतंय अप्पा!" सून हसून म्हणाली. "इथे सगळं चालतं." ती वाईट नव्हती. प्रवासाने थकलेली होती, आणि आपण इतकी वर्षं काय सांगत आलो ते तिच्या ध्यानातही नव्हतं.

मामींनी पदर तोंडाला लावला आणि आरतीचं ताट आणायला आत वळल्या. टॅक्सीवाल्याने दार धाडकन लावलं, तशी शेजारच्या अँबॅसिडरमध्ये बाहुली डुलू लागली.

"सेरी, सेरी," मामा म्हणाले. "आत चला. अस्के आत चला, सगळे चला, कॉफी झाली आहे."

सगळे आत गेले. आम्ही दोघंच मागे राहिलो. मामा गाडीच्या उघड्या दारातून खांबाला हात लावून उभे होते.

"तिकडचा रूल बदलला असेल," ते म्हणाले. "मजला सांगायचे राहिले असेल त्यांचे. कामाची माणसे."

"असेल मामा," मी म्हटलं.

आतून तुळजाने "ताता!" अशी हाक मारली. आजोबांना म्हणायचा तो एक शब्द तिला पढवून आणला होता. मामा "आलो, आलो" म्हणत मागच्या सीटवर वाकले आणि तिला द्यायला म्हणून बाहुली सोडवू लागले. पट्टे इतके पक्के शिवले होते की सुटता सुटेनात. शेवटी ती निघाली, तेव्हा तान्ह्या मुलाची धरतात तशी त्यांनी तिची मान तळहातावर धरली होती, आणि दारापर्यंत जाताना ती जराही डुलली नाही.