अनिकाच्या कपाळावरचं रक्त

पोरीला बसवूनच ठेवायचं होतं, तर लीगवाल्यांनो, संघात घेतलंत कशाला? ऑक्टोबरपासून दर शनिवारी पहाटे उठून सिद्धेश डब्लिनहून कुठल्या कुठल्या गावच्या बर्फाच्या रिंकवर गाडी हाणत होता. आणि अनिका? मणभर पॅडिंग चढवून बाकावर बसायची, सामना संपला की उतरवायची. "इट्स फाइन, बाबा," म्हणायची आणि परतीच्या गाडीत झोपल्याचं सोंग घ्यायची.

शेवटच्या सामन्याला निघताना नीलांबरीने लेकीला ओवाळलं. आइस हॉकीसाठी आजवर कुणी ओवाळलं नसेल, पण कोचला सांगून झालं होतं, आता देवालाच सांगायचं उरलं होतं. कुंकू तिने हात राखून लावलं नाही.

आणि खरंच, निम्मा संघ तापाने आडवा झाला म्हणून कोचने अनिकाला उतरवलं. पोर सुसाट सुटली. हेल्मेटखाली घाम फुटला, घामाने कुंकू सुटलं आणि नाकावरून पांढऱ्या जर्सीवर ओघळलं. रेफरीने शिट्टी मारली. रक्त दिसलं की खेळाडू बाहेर, असा नियम.

सिद्धेश धावत खाली गेला. "रक्त नाही ते. पावडर आहे."

"कसली पावडर?" रेफरीने विचारलं.

"लाल."

"कुणी लावली?"

"आम्हीच. खेळायला मिळावं म्हणून."

रेफरीने सिद्धेशला पायापासून वर न्याहाळलं.

"बाबा," अनिका म्हणाली, "प्लीज डोन्ट हेल्प."

सिद्धेशने रुमालाने पुसायला घेतलं, तर लाली कानापर्यंत पसरली. "थांब रे, मी दाखवतेच त्यांना," म्हणत मागोमाग आलेल्या नीलांबरीने पर्समधून कुंकवाची डबी काढली. थंडीने आखडलेल्या बोटांतून ती निसटली आणि बर्फावर सांडली. मग बर्फ खरवडायचं यंत्र आलं. डोक्याला मार लागल्याचा संशय म्हणून नर्सने अनिकाच्या डोळ्यांत टॉर्च मारला. हे सगळं उरकेपर्यंत रिंकची वेळ संपली होती.

सीझनच्या निरोपाच्या जेवणात लीगने अनिकाला कप दिला. डोकं फुटूनही न रडल्याबद्दल. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"सांगू या का, काही फुटलं नव्हतं म्हणून?" नीलांबरी कुजबुजली.

"सांगून झालंय, यार. कोण ऐकतं?"

तेवढ्यात लीगचे प्रमुख मायेने जवळ आले. "अशा जखमेनंतर घाई नको," ते म्हणाले. "पुढच्या सीझनला तिला बाकावरच जपू."

सिद्धेशने अनिकाच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि तिला त्यांच्यासमोर उभं केलं.

"कुठाय जखम? दाखवा मला."