अकरा सेकंदांचा इद्वल

बुधवारी संध्याकाळी ब्रिनगारो रग्बी क्लबच्या बारमध्ये फोन वाजला, तेव्हा पुरुषांचं गायनमंडळ तालमीला उभं होतं. क्लबच्या चिटणीस ग्लेनिसबाईंनी फोन घेतला, "असं कसं होईल?" असं तीनदा विचारलं आणि रिसीव्हर ठेवून मटकन खाली बसल्या.

"कोण गेलं?" अध्यक्ष हेडन रीस यांनी विचारलं.

"माणूस नाही गेला, विक्रम चाललाय. लंडनहून स्पर्धेचे आकडेवाले साहेब बोलत होते. कुठल्याशा माळ्यावर जुनी फिल्म सापडली म्हणे. आपल्या इद्वलचा बॉलला हात लागला होता!"

एका सुरात गाणारं मंडळ एका सुरात हादरलं.

वेल्सच्या या खोऱ्यात प्रत्येक गावाने राष्ट्रांच्या त्या जुन्या रग्बी स्पर्धेला काही ना काही दिलं होतं. कुणी कर्णधार दिला, कुणी बिनचूक लाथ मारणारा दिला. ब्रिनगारोने अकरा सेकंद दिले. चाळीस वर्षांपूर्वी कार्डिफला स्कॉटलंडविरुद्धच्या सामन्यात अगदी शेवटी एका गड्याचा घोटा मुरगळला आणि बाकावरच्या इद्वल जोन्सला हाक आली. पंचांनी हात केला आणि अकरा सेकंदांत शेवटची शिट्टी झाली. पुन्हा त्याला कुणी बोलावलं नाही. पण आकडेवारीत तो अढळपदी बसला: स्पर्धेतला सर्वांत छोटा खेळ, तोही चेंडूला न शिवता. बाकीचे विक्रम मोडतात, हा मोडणार कसा? त्यासाठी इद्वलपेक्षा कमी काम करावं लागलं असतं, आणि ते शक्य नाही हे त्याची बायको मेन्ना कुणालाही सांगत असे.

गावात निम्मे लोक जोन्स. त्यामुळे माणूस ओळखायचा तो त्याच्या कर्तबगारीवरून. दूधवाला जोन्स, शवपेट्यावाला जोन्स, तसा हा अकरा-सेकंद जोन्स. लग्नानंतर मेन्नाही अकरा-सेकंद मेन्ना झाली. त्यावरून गावातल्या बायकांनी तिची जी थट्टा केली ती इथे सांगण्यासारखी नाही. गावच्या वेशीवर पाटी होती: 'चेंडूला न शिवलेल्या वीराचं गाव'. दरवर्षी त्या तारखेला सगळा गाव ग्लासला हात न लावता बिअर प्यायचा. दोन-चार जण दरवर्षी गुदमरायचे, पण परंपरा म्हटल्यावर एवढं चालायचंच.

बातमी इद्वलला सांगायला अध्यक्ष स्वतः गेले. त्यांना वाटलं, बिचारा कोसळेल. बिचारा खुर्चीतून उडाला.

"बघा! चाळीस वर्षं बोंबलतोय मी, लागला होता म्हणून! विश्वास ठेवलात कुणी?"

"अरे, हळू बोल! लागला असला तरी बोलायचं असतं का असं चारचौघांत?"

"लागलाच नाही," स्वयंपाकघरातून मेन्ना म्हणाली. "स्वप्नं पडतात त्याला."

"अगं, या हाताला लागला! या!"

"लागलाच नाही म्हटलं ना."

दुसऱ्या दिवसापासून गावाने इद्वलशी अबोला धरला. खाटकाने त्याला नुसती हाडं बांधून दिली. गायनमंडळात त्याला मागच्या ओळीत, खांबाआड उभं केलं. शवपेट्यावाला जोन्स तेवढा प्रेमाने बोलला, पण त्याचं प्रेम कुणालाच नको असायचं. इद्वल मात्र बधला नाही. "माझ्या देशाच्या बॉलला मी हात लावलाय. विक्रम गेला खड्ड्यात!" असं तो टपालपेटीलासुद्धा सांगू लागला.

शनिवारी आकडेवाले मिस्टर पेलहॅम फिल्म घेऊन आले. साहेबांना विरघळवायची सगळी तयारी होती. तव्यावरचे मनुक्यांचे केक होते, वाटाण्यांबरोबर खिम्याचे गोळे होते. बिअर पुढे केली, तर ते म्हणाले, मी घेत नाही. गायनमंडळाने सगळ्यांत रडकं गाणं लावलं. मंडळ स्वतःच रडलं, साहेबांनी घड्याळ पाहिलं.

भिंतीवर चादर ताणली आणि फिल्म सुरू झाली. इद्वल पहिल्या रांगेत बसला होता. देशासाठी खेळणाऱ्याला मिळते ती मखमली, गोंड्याची टोपी त्याने मुद्दाम घातली होती.

चादरीवर करडी, चिखलाने माखलेली माणसं धावत होती. पंचांनी हात केला. कडेला तरुण इद्वल उठला आणि खेळाच्या चड्डीवर चढवलेली लांब पँट काढू लागला. डावा पाय निघाला, उजवा अडकला. मग तो एका पायावर उड्या मारत, पँट फरफटत मैदानाकडे निघाला. अकरांपैकी बहुतेक सेकंद पँटीनेच खाल्ले. तो कडेच्या रेषेपाशी पोचला तोच कुणीतरी मारलेला चेंडू थेट त्याच्या तळहातावर आदळला आणि शिट्टी झाली.

"लागला!" इद्वल ओरडला. त्याचे डोळे भरून आले होते. "पाहिलंत? लागला!"

बारमधल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. एवढ्यात अध्यक्ष ताडकन उठले.

"पाय! अरे, त्याचा पाय बघा! डावा पाय रेषेवर आहे! रेषेवर म्हणजे बाहेर, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. बाहेरच्याचा हात लागला तर तो खेळात धरतात का?"

साहेबांनी चष्मा पुसला, तेवढा भाग पुन्हा पाहिला. "पाय रेषेवर असेल, तर हात मोजता येणार नाही. खरंय."

टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. खाटकाने इद्वलच्या पाठीवर थाप मारली. विक्रम वाचला होता.

"पण मग," साहेब म्हणाले, "हे गृहस्थ मैदानात आलेच नाहीत. म्हणजे ते खेळलेच नाहीत. यांचं नावच काढावं लागेल. टोपीचं काय करायचं ते वरचे लोक ठरवतील."

तेल गेलं, तूप गेलं. सगळ्यांची नजर इद्वलच्या टोपीवर गेली. इद्वलने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. मेन्नाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कसली रेषा?" अध्यक्ष गरजले. "ती सावली आहे!"

"पण ऊन दिसत नाही फिल्ममध्ये."

"कार्डिफमध्ये ऊन नसलं तरी सावली पडते!"

"पाय आतच आहे," पाद्री उठून म्हणाले. "मी देवाला स्मरून सांगतो."

"आपण होतात तिथे?"

"देव होता."

पाच मिनिटांपूर्वी इद्वलचा हात नाकारणारा गाव आता त्याच हातासाठी हमरीतुमरीवर आला. 'लागला, लागला' असा घोष सुरू झाला. खाटीक तर म्हणाला, दोन्ही हात लागले होते. पेलहॅमसाहेबांनी शेवटी कान झाकले.

"त्या सामन्याचे बूट आहेत का? चुन्याने आखलेल्या रेषेवर पाय पडला असेल, तर डाग राहिला असेल."

बूट होते. चाळीस वर्षं बारच्या काचेच्या कपाटात होते. मेन्नानेच आणून दिले होते. साहेबांनी भिंगातून तळवा बघितला, शिवण बघितली, कडा बघितल्या. चुन्याचा कण नव्हता.

"पाय आत," साहेब म्हणाले. "स्पर्श एक. विक्रम रद्द, खेळाडू कायम."

आपलाच विक्रम बुडाल्याबद्दल ब्रिनगारोने असा जल्लोष केला की छताचे दोन पत्रे हलले. त्या दिवशी लोकांनी ग्लास दोन्ही हातांनी धरले.

ऊन कलताना इद्वल आणि मेन्ना टेकडी चढून घरी निघाले. इद्वलची छाती फुगली होती.

"झालं ना सिद्ध? आणि तू? सख्खी बायको असून चाळीस वर्षं म्हणत राहिलीस, लागलाच नाही!"

"लागला होता रे. तळहात लालबुंद झाला होता तुझा. मलम मीच चोळलं."

इद्वल थांबला. "मग कबूल का नाही केलंस कधी?"

"आपला गाव माहीत आहे ना तुला? हात कबूल केला असता तर चौकशी पायापर्यंत गेली असती." मेन्नाने त्याच्या टोपीचा गोंडा सरळ केला. "बुटाला चुना होता, इद्वल. कपाटात द्यायच्या आधी मी ब्रशने घासून काढला."

इद्वलने खाली वाकून आपल्या दोन्ही पायांकडे पाहिलं.

"कुठल्या बुटाला?"

"डाव्या."

"उजव्याला तर नव्हता ना?" त्याने आशेने विचारलं.

"उजव्याला कुठून असणार? तो पँटीत होता."