माझा पहिला न हललेला फोटो

कॅमेरा घ्यायचं मी ठरवलं ते एका लग्नात, जेवणाच्या रांगेत उभा असताना. (आमच्याकडचे सगळे मोठे निर्णय माझी बायको पूर्णिमा घेते. हा एक माझ्याकडून नकळत झाला.) माझ्याच वयाचा आणि माझ्याएवढंच पोट असलेला एक गृहस्थ गळ्यात काळा कॅमेरा अडकवून हॉलभर फिरत होता. तो म्हणे, "जरा डावीकडे," की नवरीचे वडील मुकाट्यानं डावीकडे सरकत. तो म्हणे, "मान वर," की मुलाकडची झाडून सगळी मंडळी मान वर करत. इतकी वर्षं संसार करून माझ्या सांगण्यावरून आमच्या घरातली खुर्चीसुद्धा कधी डावीकडे सरकलेली नाही. मठ्ठा वाटीत पडेपर्यंत माझा निर्णय झाला होता.

घरी आल्यावर मी तो जाहीर केला. पूर्णिमानं मोबाईलमध्ये कॅमेरा आहे याची आठवण करून दिली. मी तिला सेन्सर म्हणजे काय ते समजावलं. मोबाईलचा सेन्सर नखाएवढा असतो, डीएसएलआरचा केवढा तरी मोठा, त्यामुळे फोटोत खोली येते वगैरे. (हे सगळं मी आदल्या रात्री व्हिडिओ बघून पाठ केलं होतं.) तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मोबाईलमधल्या फोटोत मी ओळखू येते," ती म्हणाली, "मला तेवढी खोली पुरते."

तरीही शनिवारी मी बुधवार पेठेतल्या एका दुकानात जाऊन उभा राहिलो. काउंटरमागचा माणूस मोबाईलवर काहीतरी बघत होता. मी दोनदा खाकरलो.

"काय काढणार?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"सगळंच. निसर्ग, माणसं, पक्षी."

"आत्तापर्यंत काय काढलंय?"

"अजून तसं काही नाही."

"मग साधा घ्या," असं म्हणून त्यानं फडताळातून सर्वांत खालच्या कप्प्यातला खोका काढला. हल्ली सगळे आरसा नसलेले कॅमेरे घेतात, तेही त्यानं सांगितलं. डीएसएलआरमध्ये आत आरसा असतो, नव्यांमध्ये नसतो आणि नसलेला महाग असतो. आतला आरसा काढून घेऊन वर जास्त पैसे मागणारा हा धंदा मला संशयास्पद वाटला. मी आरसेवाला घेतला.

कॅमेऱ्याबरोबर एक लेन्स येते, तिला किट लेन्स म्हणतात. आधी सहा महिने तिच्यावरच हात बसवा, बाकी कशाची तुम्हाला गरज नाही, असं तो म्हणाला. आता पुण्यात दुकानदारानं 'तुम्हाला गरज नाही' असं म्हटलं की गिऱ्हाईक इरेला पेटतं. मी मागची पार्श्वभूमी धूसर करणारी पन्नासची लेन्सही घेतली आणि लांबचे पक्षी जवळ आणणारी झूम लेन्सही घेतली. त्यानं सगळं पिशवीत भरलं आणि निघताना एवढंच म्हणाला, "ती हिरव्या खुणेची चकती ऑटोवर ठेवा. बाकी कॅमेरा बघून घेईल."

हा अपमान मी पोटात घातला. सगळे व्हिडिओ एकमुखानं सांगत होते की खरा फोटोग्राफर ऑटोवर फोटो काढत नाही, तो मॅन्युअलवर काढतो. मी चकती मॅन्युअलवर नेली आणि तिथंच ठेवली.

पहिला प्रयोग झाला पूर्णिमाच्या भाचीच्या, नम्रताच्या डोहाळजेवणात. पन्नासच्या लेन्सनं मागचं सगळं धूसर होतं असं म्हणतात. माझ्या फोटोंमध्ये पुढचंही झालं. एका फोटोत तेवढं एक फूल अगदी पाकळी न पाकळी मोजता येईल इतकं स्वच्छ आलं आहे. ते पाहून डोहाळजेवण शेवंतीचं होतं असं कुणालाही वाटेल. नंतर टेकडीवर जाऊन झूम लेन्सनं पक्षी काढले. त्यातल्या फांद्या चांगल्या आल्या. किट लेन्सनं घरच्या सगळ्यांना सोफ्यावर बसवून एक फोटो काढला, त्यात प्रकाश इतका जास्त झाला की सोफाच काय तो राहिला.

पूर्णिमानं सगळे फोटो पुन्हा एकदा नीट पाहिले, तेव्हाच मला धास्ती वाटायला हवी होती. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिनं निकाल दिला. दिवाळीपर्यंत भिंतीवर लावण्यासारखा एक तरी फोटो आला तर ठीक, नाहीतर कॅमेरा तिन्ही लेन्ससकट विकायचा. मी मान डोलावली. त्या दिवसापासून माझी झोप उडाली, कारण हललेले का होईना, ते फोटो काढताना मला फार बरं वाटायचं. ऑफिसात विम्याचे कागद पुढे सरकवण्यापलीकडे मला कुणी काही करू देत नाही. कॅमेरा डोळ्याला लावला की निदान काय बघायचं ते मी ठरवत होतो.

आणि अशात आमच्या सोसायटीत कबुतरांचं प्रकरण पेटलं.

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत समोरासमोर दोन इमारती आहेत. आम्ही 'अ'मध्ये राहतो, चेअरमन रंगनाथराव 'ब'च्या वरच्या मजल्यावर. आमच्या 'अ'च्या गच्चीवर सकाळी कुणीतरी गुपचूप दाणे टाकत होतं. त्यामुळे परिसरातली तमाम कबुतरं तिथं जमत आणि जेवण झालं की 'ब'मधल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसत. पूर्णिमा सोसायटीची सेक्रेटरी. तिनं दोन्ही जिन्यांत स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: 'कबुतरांना दाणे घालून पुण्य एकट्याने घ्यायचे आणि घाण सर्वांना वाटायची, हे चालणार नाही. पुण्य तरी वाटा.' तरीही दाणे पडतच होते.

पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून सभा झाली. रंगनाथराव चिडलेले होते. त्यांच्या पांढऱ्या लेंग्यांची अवस्था ऐकवत नव्हती. त्यांनी गच्चीवर सीसीटीव्ही बसवायचा ठराव मांडला आणि बरेच हात वर झाले. तेवढ्यात पूर्णिमा उठली.

"सीसीटीव्हीचा खर्च कशाला?" ती म्हणाली. "आमच्या ह्यांच्याकडे कॅमेरा आहे. लांबचं जवळ दिसतं अशी लेन्ससुद्धा आहे. हे काढतील फोटो."

"हे?" रंगनाथरावांनी माझ्याकडे बोट करून खात्री करून घेतली.

"हेच," पूर्णिमा ठामपणे म्हणाली.

भर सभेत, सगळ्यांदेखत, माझ्या बायकोनं माझं नाव घेतलं होतं. एरवी मी रिक्षावाल्याला पत्ता सांगायला लागलो तरी ती मध्येच मला थांबवते. मी उभा राहून सगळ्यांना नमस्कार केला. (त्याची गरज नव्हती, हे मला खाली बसल्यावर कळलं.)

रविवारी सकाळी मी रंगनाथरावांच्या गॅलरीत ठाण मांडलं. तिथून आमची गच्ची सरळ समोर दिसते. निघताना पूर्णिमानं चहाचा थर्मास स्वतः भरून दिला, माझ्या डोक्यावर टोपी घातली आणि घाई करू नका म्हणाली. मी तिकाटणं उभं केलं, झूम लेन्स चढवली आणि गच्चीवर रोखून बसलो. रंगनाथराव शेजारी पेपर वाचत बसले होते. मधून मधून ते "झालं का?" विचारत आणि मी "प्रकाश येऊ द्या," असं सांगत होतो. थोड्या वेळानं त्यांना आतून फोनसाठी हाक आली.

ते आत गेले आणि पंखांची एकच फडफड झाली. मी चष्मा कपाळावर सरकवला, कारण चष्म्यासकट मला त्या भोकातून काही दिसत नाही. (चष्म्याशिवाय गच्चीवरचं काही दिसत नाही, पण त्याला इलाज नाही.) गच्चीच्या कडेला काहीतरी जांभळं हलत होतं. मी बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. कॅमेरा खटखट वाजत राहिला.

मग चष्मा खाली घेऊन मी पडद्यावर पाहिलं. आधी माझा विश्वासच बसला नाही. फोटो स्वच्छ होता. कबुतराच्या मानेवरचा हिरवा जांभळा रंग, पिसांच्या कडा, हवेत उडालेले ज्वारीचे दाणे, सगळं जिथल्या तिथं होतं. मी चकती पाहिली. पिशवीत घासून ती हिरव्या खुणेवर, ऑटोवर जाऊन बसली होती. एवढं सगळं बघून झाल्यावर माझी नजर त्या जांभळ्या गाऊनवर गेली.

ती पूर्णिमा होती. बगलेत आमचा ज्वारीचा डबा, एक हात पुढे केलेला, पायाशी एक लंगडं कबुतर आणि ती त्याच्याशी काहीतरी बोलत हसत होती. तसं हसताना मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. पाटी लिहिणारी, भाजीवाल्याला गप्प करणारी ही बाई एका लंगड्या कबुतरासाठी असं हसू राखून ठेवते, हे मला माहीतच नव्हतं. ती मला फार आवडली. हा फोटो दाखवला तर माझा कॅमेरा वाचत होता, पण सेक्रेटरीची अब्रू पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांसमोर जाणार होती.

रंगनाथराव बाहेर आले. "मिळालं का काही?"

मी कॅमेरा बंद केला. "फोटो हलला," मी म्हणालो.

वारा, दमट हवा, शटरचा वेग अशी कारणं मी भराभर मनात जुळवत होतो. एकाचीही गरज लागली नाही. "वाटलंच होतं मला," एवढं म्हणून त्यांनी पुन्हा पेपर उघडला. इतक्या चटकन माझ्यावर आजवर कुणी विश्वास ठेवलेला नाही.

संध्याकाळी सभेत पूर्णिमानंच निवेदन केलं. ह्यांना यश आलेलं नाही, पण ह्यांच्याकडून लगेच यशाची अपेक्षा करणं ही आपलीच चूक आहे, असं ती म्हणाली. सगळे हसले. रंगनाथरावांनी पुन्हा सीसीटीव्हीचं काढलं, तेव्हा तिनं आणखी काही रविवार मागून घेतले. मी जिद्दी आहे असं तिचं म्हणणं पडलं. मी खाली मान घालून बसलो होतो आणि कॅमेरा माझ्या मांडीवर होता. मनात म्हणत होतो, बोल, हवं ते बोल. घरी गेल्यावर माझा त्याग बघशील तेव्हा डोळे पुसशील.

घरी येऊन मी दार लावलं आणि कॅमेरा तिच्यापुढे धरला. तिनं चष्मा लावला. कॅमेरा डोळ्यांजवळ नेला.

"छान आलाय हो," ती हळूच म्हणाली.

ज्वारीला किडे लागले होते, टाकवत नव्हती, आणि आता तो लंगडा रोज वाट बघतो, म्हणून चांगली ज्वारीही जाते, असं तिनं आपण होऊन सांगितलं. हा फोटो भिंतीवर लावता येणार नाही, रंगनाथराव चहाला येतात, हेही तिनं सांगितलं. डोळे पुसायची काही चिन्हं दिसेनात.

"पण मी समोरच्या गॅलरीत कॅमेरा लावून बसलोय हे तुला माहीत होतं ना?" मी विचारलं.

"म्हणजे काय. थर्मास मीच नाही का भरून दिला?"

"मग तरीही तू वर गेलीस?"

तिनं कॅमेरा माझ्या हातात परत दिला.

"रंगनाथराव आत जाईपर्यंत मी जिन्याच्या दारातच थांबले होते. सीसीटीव्ही लागला असता तर मात्र सापडले असते. म्हणून तर सभेत उठून तुमचं नाव सुचवलं," ती म्हणाली. "माझा पूर्ण विश्वास होता तुमच्यावर."

एवढं बोलून ती कुकर लावायला आत गेली. तिनं माझ्यावर इतका विश्वास पहिल्यांदाच टाकला होता, आणि तेवढाही मला राखता आला नाही.