सुभेदारांचा एक शब्द आणि पंधरावा पाहुणा

आधीच सांगतो, माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील, त्या पोटात घालाव्यात. शब्दही साधेच आहेत. मोठे शब्द मला येत नाहीत असं नाही, पण मी लिहिले की ते माझ्याकडं बघून हसतात.

ही गोष्ट गुंडाची. गुंडा माझ्या फार जवळचा. इतका जवळचा, की थंडी त्याला वाजली की स्वेटर मला घालावा लागतो. तरी त्याच्याबद्दल 'तो' असंच लिहितो. 'मी' म्हटलं की पेन अडतं.

तर गुंडा इस्लामपुरात मोटार रिवायंडिंगच्या दुकानात कामाला. विहिरीवरची जळालेली मोटार उघडायची, आतली तार काढायची, नवी भरायची. काम चोख. खोट एकच. हातात पाना असला तरच त्याचं तोंड चालतं. पाना धरून तो अनोळखी गिऱ्हाइकाला बेअरिंग का गेलं ते दहा मिनिटं समजावून सांगेल. पाना खाली ठेवला, की 'जेवलास का' याचंही उत्तर मानेनं.

वर्षापूर्वी तो साताऱ्याजवळच्या एका वाडीत रिटायर सुभेदारांच्या विहिरीवर मोटार बसवायला गेला होता. सुभेदारांची मुलगी साक्षी बॅटरी धरून उभी होती. तिनं विचारलं, "चालू करायच्या आधी पंपात वरनं पाणी का वततात वो?" गुंडानं पाना हातात घेऊन हवा, पाणी आणि पाईपाच्या बुडाशी पाणी अडवणारी झडप, म्हणजे फूट व्हॉल्व्ह (आमच्याकडं त्याला फुटबॉल म्हणतात) असं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढं सोपं हाय व्हय!" आणि हसली. मग काम संपलं, गुंडानं पाना पिशवीत टाकला, तिनं दिलेलं पाणी प्याला आणि एक अक्षर न बोलता एस.टी.त बसला. तेव्हापासून वर्षभर कुठलाही फूट व्हॉल्व्ह दिसला की त्याच्या छातीत धडधड व्हायची. (आमच्या दुकानात रोज पाच-सहा येतात. तब्येतीचं काय होत असेल बघा.)

आणि १९९४ च्या उन्हाळ्यात नाथाजीमामा स्थळ घेऊन आले.

"साताऱ्याकडचं हाय," मामा गुंडाच्या आईला, अंबूबाईंना सांगत होते. "रिटायर सुभेदार. मुलगी बारावी पास. साक्षी नाव."

गुंडाची बशी कलंडली. तो उठला, पिशवीतनं पाना काढून आणला, आणि म्हणाला, "मामा, हे स्थळ हातचं जाता कामा न्हाई."

"पाना खाली ठेव आधी. मला मारतोस का काय!" मामा मागं सरकले. "फोटो कवाच दिलाय मी. मशिनरीच्या लाइनीत हाय म्हणून सांगितलंय. पण एक भानगड हाय गड्या."

भानगड अशी, की सुभेदार नवऱ्या मुलाला एकच प्रश्न विचारायचे. 'सेट' या इंग्रजी शब्दाचे अर्थ सांगा. दहाच्या खाली सांगणारा नापास. सुभेदारांचं म्हणणं, मी पलटणीत आठ राज्यं हिंडलो आणि जाईल त्या खात्यात हा शब्द नव्या अंगानं भेटला. ज्याला हा दहा ठिकाणी ओळखता येतो, तो माणूस दहा ठिकाणी निभावतो. कराडचा एक बी.कॉम. मुलगा तीनवर अडला आणि पोहे न खाता परत गेला.

गुंडानं बोटं मोजली. पंपसेट, टीव्ही सेट. दोन. उरले आठ.

दुसऱ्या दिवसापासून तो पाना घेऊन गावभर फिरायला लागला. सोनार म्हणाला, "हार, कानातलं, अंगठी, तिन्ही एका नक्षीचं, तो सेट." गवंडी म्हणाला, "स्लॅब टाकला की गप बसायचं. घट्ट झाला की सेट झाला." फौजी साईराज सुट्टीवर आला होता. त्यानं दोन दिले. "वायरलेसला आमी सेट म्हणतो. आणि व्हॉलीबॉलला पंधरा पॉइंटांचा एक सेट. लिव्ह!" जत्रेतल्या नाटकांचे पडदे रंगवणाऱ्यानं राजवाड्याचा सेट दाखवला, सलूनवाल्यानं केस सेट करून दाखवले. शालूबाई मावशीनं कपबशांचा सेट कपाटातनं न काढताच दाखवला. शेवटी गणिताचे गुरुजी. ते म्हणाले, "सूर्य मावळतो त्यालाही सेट म्हणतात. आणि गणितात सेट म्हणजे संच. ज्यात काहीच नसतं तोही संच असतो. उदाहरणार्थ, गुंडा, तुझं डोकं."

अकरा झाले. दहाला अकरा! गुंडानं वही छातीशी धरली.

पण एक गोष्ट त्याच्या लक्षातच आली नाही. आमच्याकडं 'मुलगी बघायला जायचंय' असं एखाद्याच्या कानावर घातलं, की पुढं 'तुम्ही पण या' म्हणावं लागतं. म्हटलं नाही, तर माणूस पुढची दोन वर्षं दुसऱ्या बाजूला तोंड करून रस्त्यानं जातो. गुंडा तसं म्हणाला नव्हता. पण नको असंही म्हणाला नव्हता. प्रत्येक ठिकाणी अर्थ लिहून झाला की त्यानं पाना पिशवीत टाकला होता, आणि पुढची गप्पगार मान लोकांनी आमंत्रण म्हणून घेतली होती.

रविवारी सकाळी जायचे होते पाच जण. भाड्यानं ठरवलेली वडापची जीप दारात आली, आणि मागोमाग सोनार आला. "माझा अर्थ त्यो नीट सांगतोय का बघाय नको?" त्याच्यामागं त्याचा मेव्हणा. मग गवंडी, त्याचा चुलता ("त्यांनी सातारा बघितला न्हाई"), साईराज, पडदेवाला, सलूनवाला, गुरुजी.

जीप परत पाठवली आणि दुकानाचा मोटारी वाहायचा टेम्पो काढला. कराड मागं पडल्यावर मामांनी डोकी मोजली आणि टेम्पो थांबवला.

"चौदा!" मामा ओरडले. "सम आकड्यानं कुणी मुलगी बघाय जातं का? विषम पायजे."

"मग ह्या मेव्हण्याला उतरवा," गवंडी म्हणाला.

"तुझ्या चुलत्याला उतरव की!" सोनार म्हणाला.

"ड्रायव्हर धरलाच कशाला मोजताना?" अंबूबाई म्हणाल्या.

"मला धरायचं न्हाई तर गाडी बी धरू नका," ड्रायव्हर म्हणाला आणि खाली उतरून बिडी पेटवली.

तो उतरल्यावर तेरा झाले, आकडा जमला. पण टेम्पो चालवायला कुणी उरलं नाही.

फाट्यावर सफारी घातलेला एक गृहस्थ बॅग घेऊन एस.टी.ची वाट बघत उभा होता. मामा त्याच्याकडं गेले. "पाव्हणं, कुठं साताऱ्याला? चला की, पंधरा माणसं हाय आमी. वाटेत पंधरा मिनिटं थांबायचं, पोहे-चहा घ्यायचा." गृहस्थ विम्याचे एजंट होते. पोहे आणि पंधरा अनोळखी माणसं म्हटल्यावर लगेच चढले. (नंतर आपण पंधरावे आहोत हे कळल्यावर थोडे नाराज झाले.)

सुभेदारांनी दारात टेम्पो बघितला आणि मिशीवरचा हात तिथंच राहिला. अंबूबाईंनी आणि शालूबाई मावशीनं आत स्वयंपाकघर गाठलं. मामा लोकांना बाहेरच्या सोप्यात दाटीवाटीनं बसवत होते. आणि सुभेदारांची नजर, टेम्पोतनं सगळ्यांत शेवटी उतरणाऱ्या गुंडावर पडली.

"अरे वा! मिस्त्रीला बी घेऊन आलायसा व्हय! लय ब्येस. मोटार कालपासनं पाणी धरंना. एवढ्या पाव्हण्यांस्नी प्यायला पाणी पायजे. जा बरं विहिरीवर."

गुंडाच्या हातात वही होती, पाना नव्हता. त्यानं मान हलवली आणि तो विहिरीवर गेला.

तुम्ही म्हणाल, फोटो गेला होता ना? गेला होता. पण तो स्टुडिओतला कोट घालून काढलेला आणि स्टुडिओवाल्यानं हातानं रंगवलेला. त्यात गुंडा ज्या कुणासारखा दिसत होता, तो अजून आम्हाला कुणाला भेटलेला नाही.

इकडं सोप्यात चांगल्या कपड्यातला माणूस एकच होता. सुभेदारांनी सफारीला हाताला धरून मधल्या खुर्चीत बसवलं.

"तर मग," सुभेदार म्हणाले, "सेट. अर्थ सांगा."

एजंटला वाटलं, या घरची पोहे द्यायची पद्धत असेल. त्यानं सुरू केलं. टीव्ही सेट. दागिन्यांचा सेट. सोनारानं मान डोलावली. मामा हे काय चाललंय म्हणून पुढं झाले, पण तोवर तो सहाव्या अर्थावर पोचला होता. पेपर इतका सुरेख जातोय, तर मधी कशाला बोला, म्हणून मामा मागं सरले.

आठव्यावर एजंट अडला. मग आपापला अर्थ वाया जातोय बघून सगळेच उठले. "स्लॅब सांगा, स्लॅब!" गवंडी ओरडला. "पंधरा पॉइंट!" साईराज ओरडला. गुरुजी रिकाम्या संचाविषयी सांगायला खुर्चीवर चढले. पडदेवाल्यानं राजवाडा हवेत काढून दाखवताना पोह्यांचं ताट सलूनवाल्याच्या मांडीवर सांडलं.

विहिरीवर गुंडानं पंपातली हवा काढली, मोटार चालू केली. पाईपातनं पाणी धो धो हौदात पडायला लागलं. नवा शर्ट ग्रीसनं भरला होता. तेवढ्यात साक्षी कप घेऊन आली.

"सगळ्यांचा चहा झाला. तुमीच राहिलासा."

गुंडानं पाना घट्ट धरला. "व्हय. मोटार आता... बरी हाय."

"एक विचारू? त्यातला नवरा मुलगा नेमका कुठला? आबा सफारीवाल्याला म्हणत्यात. पण त्यो मघाशी मला मुलाबाळांचा विमा काढा म्हणाला."

गुंडानं ठरवलं. आता सांगायचं. पाना हातात आहे, ती समोर आहे, चौदा माणसं लांब आहेत. "त्यो न्हवं," तो म्हणाला. "नवरा म्हंजे..."

"आधी चहा घ्या, गार होतोय. द्या ते इकडं." आणि तिनं पाना त्याच्या हातातनं काढून घेतला आणि कप ठेवला.

झालं. गुंडानं चहा प्याला. मान हलवली. तिनं थोडा वेळ वाट बघितली, पाना त्याच्या पिशवीत टाकला आणि गेली.

सुभेदारांना त्यांची चूक सांगायला कुणी धजलं नव्हतं, आणि परतीच्या टेम्पोत भांडण पेटलं. मुलगी पसंत असल्याचा निरोप आता मुलाकडून जायचा होता, पण नेमका कुणाकडून? "सुभेदारांस्नी नवरा मुलगा लय आवडला," मामा डोकं धरून म्हणाले, "पण त्यो साताऱ्याला उतरला की!"

"माझा गुंडा बोलला असता तर ही पाळी आली नसती," अंबूबाई म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसले. त्यावर टेम्पोत सगळ्यांनी गुंडाकडं बघितलं. गुंडानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडानं आंघोळ केली, डोक्याला तेल लावलं आणि पहिली एस.टी. पकडून वाडी गाठली. घराकडं पाय वळेनात. म्हणून तो विहिरीवर गेला. त्याचा विचार असा, की काहीतरी खोलावं, हातात पाना असावा, आणि कुणी आलं की एका दमात सांगून टाकावं. मोटार चांगली चालू होती. त्यानं शिस्तीत स्टार्टर बंद केला आणि पंपाचे नट काढायला सुरुवात केली.

चौथा नट निघाला आणि हौदापलीकडनं आरोळी आली.

"पाणी कुणी तोडलं रं?"

सुभेदार पाईपाखाली आंघोळीला बसले होते, आणि हौदातलं सगळं पाणी पिकाला सोडलेलं होतं. डोक्यापासून मिशीपर्यंत साबणाचा फेस, डोळे गच्च मिटलेले. साक्षी टॉवेल घेऊन धावत आली आणि दोघांना बघून जागीच थांबली.

"आबा, मिस्त्री आल्यात."

"आज कशाला?"

गुंडानं पाना दोन्ही हातांनी धरला. "आवं सुभेदार, मी मिस्त्री हाय, पण नवरा मुलगा बी मीच हाय. सफारीवाला फाट्यावरचा. आकडा सम हुता म्हणून घेतला."

फेसातनं एक हात वर आला आणि मिशी चाचपून गेला. मग आवाज आला. "मग सांग. सेट म्हंजे काय?"

गुंडानं सुरुवात केली. पंपसेट. टीव्ही सेट. अर्थ सगळे पाठ होते, पण नुसता अर्थ सांगून त्याला चैन पडेना. स्लॅबला तो पाणी किती दिवस मारावं ते सांगायला लागला. वायरलेसला बॅटरी कुठली लागते ते सांगितलं. सहाव्यावर सुभेदारांचा एक डोळा झोंबायला लागला, आठव्यावर दुसरा.

"नववा," गुंडा म्हणाला, "सूर्य मावळतो त्यो. आता सूर्य का मावळतो, तर..."

"पुरं! पसंत!" सुभेदार ओरडले. "पोरी, तुला हाय का पसंत? बोल लवकर!"

"मी कालच वळखलं हुतं," साक्षी म्हणाली. "मोटार दुरुस्त कराय नवा शर्ट घालून कोण येतं? पण ह्यांच्या तोंडानं ऐकायचं हुतं." आणि ती हसली. अगदी फूट व्हॉल्व्हच्या वेळेला हसली होती तशी.

"झालं! आता पाणी सोड, जावई!"

'जावई' ऐकलं आणि गुंडाच्या हातातनं पाना निसटला. तो सरळ विहिरीत गेला. पाण्याचा आवाज आला. गुंडानं सुभेदारांकडं बघितलं, साक्षीकडं बघितलं, तोंड उघडलं आणि मान हलवली.

शेजारच्या मळ्यातनं पाना आणून पंप जोडून पाणी सुटायला पावणेदोन तास लागले. सुभेदार तोवर तसेच बसून होते. पंप चालू झाला, पण शेवटी एक नट उरलाच. तो कुठला ते अजून कळलेलं नाही. सासरे विचारतात तेव्हा मी मान हलवतो.

मी म्हणजे, गुंडा.